स्क्रूड्रायव्हरला चुंबकत्व येतं कुठून आणि जातं कुठे?

भिंगरी

बारीकसारीक दुरुस्त्या घरच्या घरी करायची सवय आहे. शिलाई मशीन, खेळणी, चष्म्याच्या काड्या, रिमोट, हाताला लागेल ते. हत्यारांच्या डब्यात पाच-सहा स्क्रूड्रायव्हर आहेत. त्यातला एकही ‘मॅग्नेटिक’ म्हणून घेतलेला नाही, तरी एकाच्या टोकाला स्क्रू आपसूक चिकटतात आणि बाकीचे कोरडेच. आता ते चिकटणं सोयीचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार चिमट्याबद्दल आहे. बारीक स्क्रू भोकावर ठेवायला जावं, चिमटा उघडावा, तर स्क्रू एका पात्याला लटकलेलाच. बोटाने ढकलला की दुसऱ्या पात्याला जाऊन बसतो. जीव नकोसा होतो.

उलट बिट (सुटं टोक) बदलायचा एक खास चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर होता. तो पूर्वी स्क्रू दुरून खेचायचा, आता टेकवला तरी धरत नाही.

नेटवर शोधलं तर एक म्हणतो हत्यार आपटा, चुंबकत्व जाईल. दुसरा म्हणतो आपटल्यानेच ते येतं. दोघेही छातीठोकपणे. जाणकारांनी उजेड पाडावा.

निवांत

वाचतोय. आमच्या कात्रीला टाचण्या चिकटतात आणि ती कधीही चुंबकाजवळ नेलेली नाही. निदान माझ्यादेखत तरी नाही.

अणुरेणू

भिंगरीताई, मुळात चुंबकत्व बाहेरून ‘येत’ नाही. ते लोखंडात आधीपासून असतं आणि पूर्ण ताकदीनं असतं. फक्त आपल्याला दिसत नाही.

साध्या खिळ्याच्या आत असंख्य छोटे छोटे भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. आकार साधारण काही मायक्रोमीटरपासून मिलिमीटरच्या अंशापर्यंत. एका डोमेनमधले सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणजे तेवढा भाग पक्का चुंबक. पण शेजारच्या डोमेनचं तोंड भलतीकडे, त्याच्या शेजारच्याचं आणखी तिसरीकडे. सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणून खिळा बाहेरून थंड. ही कल्पना पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये मांडली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली डोमेन प्रत्यक्ष पाहताही आले.

आता चुंबक जवळ आणा. ज्या डोमेनचं तोंड आधीच त्या दिशेला आहे ते वाढतात आणि शेजाऱ्यांना खातात. म्हणजे दोन डोमेनमधली सीमा सरकते, अणू जागचे हलत नाहीत. सीमा सरकली की बेरीज शून्य राहत नाही, आणि खिळा स्वतः चुंबक होतो.

खरा प्रश्न चुंबक दूर नेल्यावर सुरू होतो. या सीमा परत जागेवर जातात का? शुद्ध, मऊ लोखंडात जातात, बऱ्यापैकी सुरळीत. कडक पोलादात जात नाहीत. तिथे कार्बाइडचे कण, स्फटिकरचनेतले दोष, आतले ताण यांत त्या अडकून पडतात. ज्या अडथळ्यांमुळे पोलाद कडक होतं, तेच अडथळे डोमेनच्या सीमाही धरून ठेवतात. त्यामुळे जे हत्यार कानशीला दाद देत नाही ते चुंबकत्वही सहसा सोडत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक, चिमट्याची पाती, कात्री, सुई, ड्रिलचं बिट ही सगळी पाणी दिलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली मंडळी. भिंतीतला खिळा मऊ पोलादाचा, तो चुंबकाला लटकलेला असताना दुसऱ्या खिळ्याला धरेल, पण सोडवला की बऱ्याच अंशी विसरून जाईल.

आकडे हवे असतील तर: आलेलं चुंबकत्व पुसायला जेवढं उलटं चुंबकीय क्षेत्र लावावं लागतं (ते अँपिअर प्रति मीटरमध्ये मोजतात) ते मऊ लोखंडासाठी शंभर अँपिअर प्रति मीटरच्या आत, पाणी दिलेल्या कार्बन स्टीलसाठी साधारण ४,००० च्या घरात, आणि निओडायमियम या हल्लीच्या ताकदवान चुंबकासाठी ९ लाखांच्या आसपास किंवा वर. तिघांतही लोखंड आहेच, फरक सीमा किती घट्ट अडकतात याचा.

या सीमा सरकताना झटक्या-झटक्यानं सरकतात. हाइनरिख बार्कहाउझेन यानं १९१९ मध्ये लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून ते झटके चक्क ऐकले. चुंबक हळूहळू जवळ आणला की लाउडस्पीकरमधून खरखर येते.

भिंगरी

अणुरेणूसर, हे फारच छान समजलं. पण मग सहा स्क्रूड्रायव्हरपैकी एकच का? सगळे एकाच डब्यात नांदतात.

पाचर

डब्यात नांदतात, पण बाहेर कुठे कुठे जाऊन येतात ते बघा. स्पीकर उघडायला कोणता घेतला होता? मायक्रोवेव्ह, पंख्याची मोटर, पर्सचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, फ्रिजवर चिकटवायची चकती. स्पीकरच्या मागच्या चुंबकाला टोक एकदा घासून गेलं तरी पुरतं. निओडायमियमच्या छोट्या चकतीच्या अगदी पृष्ठभागापाशी क्षेत्र सहज दोन लाख अँपिअर प्रति मीटर असतं. वर सरांनी पोलादाचा आकडा दिलाय, ४,०००. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

घासण्यालाही पद्धत आहे. टोकाकडे एकाच दिशेनं चुंबक ओढत नेला तर चुंबकत्व लांबीच्या दिशेनं बसतं, ते जास्त टिकतं. कारण आकार. लांब-बारीक वस्तूची दोन टोकं एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे तिचं स्वतःचं क्षेत्र तिलाच मारत नाही. आखूड-जाड वस्तूत किंवा गोळीत उत्तर आणि दक्षिण ध्रुव शेजारी-शेजारी येतात आणि एकमेकांना खोडतात. म्हणून सुई आयुष्यभर चुंबक राहते आणि त्याच पोलादाची बेअरिंगची गोळी फारसं काही धरून ठेवत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडरवर (पृष्ठभाग घासायच्या यंत्रावर) जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, चुंबकी चकवर, म्हणजे चुंबकी पकडीवर धरतात. उतरवला की प्रत्येक जॉब चुंबक झालेला असतो. पुसला तरी कीस चिकटून राहतो, आणि तसाच असेंब्लीत गेला की बेअरिंगची वाट. म्हणून ग्राइंडिंगनंतर डीमॅग्नेटाइझ करणं हे वेगळं कामच असतं.

खट्याळ

म्हणजे संगतीचा परिणाम विज्ञानानं सिद्ध झाला तर. आई बरोबर होती.

निवांत

ते ठीक. पण कात्रीचं काय? आणि आपटण्याचा तिढा सोडवा की कोणीतरी. त्यासाठीच आलोय.

अणुरेणू

दोघेही बरोबर आहेत, अर्धे अर्धे.

पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. वर वापरलेल्या एककात सांगायचं तर २० ते ५० अँपिअर प्रति मीटर. पोलादातल्या अडकलेल्या सीमा सोडवायला हे काहीच नाही. पण हत्यारावर घाव घातला की आतून हादरा बसतो आणि अडकलेल्या सीमा क्षणभर सैल होतात. त्या क्षणी त्या ज्या दिशेला थोडीशी ओढ असेल तिकडे सरकतात. आणि ती ओढ पृथ्वीची. दुसरा चुंबक जवळ नसताना तीच एक शिल्लक असते.

म्हणजे आपटल्यानं चुंबकत्व शून्यावर जात नाही. ते पृथ्वीच्या क्षेत्राला साजेशा एका क्षुल्लक पातळीकडे जातं. ज्या हत्यारात भरपूर होतं त्याचं कमी होतं, ज्यात काहीच नव्हतं त्याला थोडं येतं. पहिल्याला वाटतं आपटल्यानं गेलं, दुसऱ्याला वाटतं आपटल्यानं आलं.

विल्यम गिल्बर्टनं १६०० साली छापलेल्या ‘दे मॅग्नेते’ या ग्रंथात ऐरणीवर तापलेली कांब ठोकणाऱ्या लोहाराचं चित्रच दिलंय. कांब उत्तर-दक्षिण धरलेली, चित्रात दोन्ही दिशा लिहिलेल्या. ठोकून थंड झाली की ती चुंबक होते. कांब पूर्व-पश्चिम धरली तर पृथ्वीचं क्षेत्र तिला आडवं लागतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ काहीच नाही. म्हणून ठोकून चुंबकत्व घालवायचं असेल तर हत्यार पूर्व-पश्चिम आडवं धरायचं. हा तपशील सांगायचा राहतो आणि मग नेटवर हाणामारी होते.

कात्रीचंही हेच. पाती घासतात, बंद होताना आपटतात, वर्षानुवर्षं. त्यातून थोडंसं येतंच. पण टाचण्या लटकण्याइतकं असेल तर माझा संशय कुठल्यातरी चुंबकावरच राहील. शिवणाच्या डब्यात टाचण्या धरायचं चुंबकी ताट असतं बऱ्याच जणांकडे.

निवांत

आहे. लाल रंगाचं. विषय बंद.

सुईदोरा

हे पृथ्वीचं प्रकरण करून पाहण्यासारखं आहे. साधं होकायंत्र घ्या. फोनमधलं नको, काट्याचं घ्या. वर्षानुवर्षं एका जागी उभी असलेली लोखंडी वस्तू शोधा: कपाट, जिन्याच्या कठड्याचा दांडा, फाटक. होकायंत्र तिच्या माथ्यापाशी धरा, मग हळूहळू खाली पायापर्यंत न्या. आमच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्याशी काट्याचं उत्तर टोक कपाटाकडे वळलं. खाली येता येता काटा डळमळायला लागला, मध्याच्या जरा खाली तर तो कुठेच धड लागेना. आणि पायाशी पोचेपर्यंत पूर्ण फिरून शेपटीनं कपाटाकडे बघत होता. दार-खुर्ची सोडून घरभर हेच करत हिंडले.

मग पडद्याचा लोखंडी दांडा काढून उभा धरला. तोही तसाच वागला: वर दक्षिण ध्रुव, खाली उत्तर. तो उलटा केला, तर ध्रुवही लगेच उलटे झाले, म्हणजे दांड्याला स्वतःची आठवणच नाही. पहार उलटी केली तर ती आधीचंच धरून बसली. उभी धरून डोक्यावर हातोडीचे चार घाव घातल्यावर काटा फिरायला लागला.

अणुरेणू

वा सुईदोरा, हे झकास! जे तुम्हाला दिसलं ते उत्तर गोलार्धातलं चित्र आहे. तिथे पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे जाता जाता जमिनीतही शिरतं, म्हणून उभ्या लोखंडाचं खालचं टोक उत्तर ध्रुव होतं. दक्षिण गोलार्धात उलट दिसेल, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ उभ्या वस्तूत जवळजवळ काही दिसणार नाही. दांडा मऊ, पहार कडक. दोन्हींना तेच क्षेत्र, पण पहारीला हादऱ्याची मदत लागली.

दर्यावर्दी

हाच खेळ जहाजांच्या बाबतीत जिवावरचा होतो. लोखंडी जहाजं बांधायला सुरुवात झाली तेव्हा बांधणीच्या धक्क्यावर जहाज महिनोन् महिने एकाच दिशेला तोंड करून असायचं आणि त्यावर दिवसरात्र रिव्हेट ठोकले जायचे. म्हणजे वरच्या पहारीवर चार घाव, इथे लाखो. जहाज पाण्यात उतरतानाच एक अजस्र चुंबक असायचं, आणि त्याचे ध्रुव बांधणीच्या वेळी तोंड कुठे होतं त्यावर ठरायचे. होकायंत्र साहजिकच चुकायचं. त्यातून पहिल्या काही सफरींत लाटांच्या माऱ्यानं हे चुंबकत्व बदलत जायचं, म्हणजे आज लावलेली दुरुस्ती महिन्याभरानं चूक. जहाजाच्या लोखंडाचा परिणाम खोडायला होकायंत्राच्या खांबाला दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाचे गोळे आणि पुढे एक उभी कांब लावतात. कांबेला मॅथ्यू फ्लिंडर्स या जलप्रवाशाचं नाव आहे, गोळ्यांना केल्विन या शास्त्रज्ञाचं.

१९३९ मध्ये जर्मनीनं समुद्रतळावर चुंबकी सुरुंग पेरले. वरून पोलादी जहाज गेलं की तिथलं क्षेत्र बदलायचं आणि सुरुंग फुटायचा. ब्रिटिश नौदलानं मग जहाजांभोवती केबलची वेटोळी घालून त्यातून प्रवाह सोडला, जहाजाचं क्षेत्र झाकून टाकायला. चार्ल्स गुडीव्ह यांनी त्याला ‘डीगाउसिंग’ म्हटलं, गाउस या गणितज्ञाच्या नावावरून. पुढे टीव्हीवाल्यांनी तोच शब्द उचलला. नौदलं आजही जहाजं या उपचारासाठी खास तळांवर नेतात.

आणि वीज राहिलीच. इंग्लंडमधल्या वेकफील्डला एका घरावर वीज पडली आणि पेटीतल्या सुऱ्या-काटे चुंबक होऊन बसले, अशी हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७३५ मध्ये छापली गेली. विजेचा आणि चुंबकत्वाचा काही संबंध आहे हे अर्स्टेड या शास्त्रज्ञानं १८२० मध्ये दाखवलं. सुऱ्या-काट्यांना ते ८५ वर्षं आधीच माहीत होतं.

खट्याळ

त्या टीव्हीचं आठवतं! जुना डबा टीव्ही चालू केला की ‘ठ्ठुंग’ असा आवाज येऊन चित्र थरथरायचं. ते हेच का?

पाचर

तेच. चित्रनळीच्या आत पोलादाची जाळी असते. ती चुंबक झाली की इलेक्ट्रॉनचा झोत वाकडा पडतो आणि कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग दिसतात. म्हणून नळीभोवती वेटोळं असायचं. चालू करताक्षणी त्यातून एसी, म्हणजे सतत दिशा पालटणारा विजेचा प्रवाह, धो धो जायचा आणि सेकंदा-दोन सेकंदांत आटायचा. आटायचा कारण मार्गात एक थर्मिस्टर होता, जो तापला की प्रवाह अडवतो.

आता भिंगरीताईंच्या चिमट्यासाठी याच तत्त्वावर या. चुंबकत्व काढायचं म्हणजे सीमा इतक्या वेळा पुढे-मागे हलवायच्या आणि दर वेळी इतकं थोडं कमी हलवायचं, की शेवटी त्या कुठल्याच बाजूला न कलता थांबतील. मेनच्या एसीत क्षेत्र सेकंदाला ५० किंवा ६० वेळा गोल फिरून येतं, म्हणजे पुढे-मागे होणं फुकट मिळतं. कमी होत जाणं आपण करायचं. कसं? हत्यार हळूहळू दूर ओढून.

इथेच लोक चुकतात. बाजारात बटणवाली निळी डबी मिळते, घड्याळवाले वापरतात तसली. हत्यार वर ठेवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून हत्यार सरळ वर उचलत हातभर लांब न्यायचं. मगच बटण सोडायचं. हत्यार डबीवर असतानाच बटण सोडलं तर त्या क्षणी एसी ज्या टोकाला असेल ते चुंबकत्व तसंच गोठतं. कधी शून्याजवळ, कधी आधीपेक्षा जास्त. ‘डबी बेभरवशाची आहे’ म्हणणारे बहुतेक हेच करत असतात.

दोन भोकांचा प्लॅस्टिकचा ठोकळाही मिळतो, अधिक-उणे लिहिलेला. त्यात वीज नाही, नुसते कायमचे चुंबक. एका बाजूनं घातला की हत्यार चुंबक होतं, दुसऱ्या बाजूला उलटं पण कमी कमी होत जाणारं क्षेत्र असतं. दोन्ही कामांना बरा, पण चुंबकत्व काढताना तो अंदाजपंचे. पूर्ण शून्य क्वचितच.

ट्रान्सफॉर्मरवाली सोल्डरिंग गन असेल तर तीही चालते. घोडा दाबून चिमट्याजवळ न्यायची आणि दाबलेलाच ठेवून सावकाश लांब.

तारेचं वेटोळं करून थेट मेन्समध्ये खुपसायचा उद्योग कुणीही करू नये. तार जळेल, नाहीतर तुम्ही. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी यातली कुठलीच गंमत हातात घेऊ नये.

सुईदोरा

यातलं काहीच नसेल तर?

पाचर

मग एक ताकदवान चुंबक. तो चिमट्याच्या टोकाजवळ धरून उलटसुलट, उलटसुलट फिरवत राहायचा आणि फिरवता फिरवता दूर न्यायचा. हात सावकाश, फिरवणं भरभर. फिरवणं म्हणजे उत्तर-दक्षिण पालटलं पाहिजे हं. चकती चुंबकाचे ध्रुव दोन सपाट बाजूंना असतात, त्यामुळे ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरवून काही होत नाही. काहीजण ड्रिलला चकती लावून फिरवतात, तेव्हा ती कडेवर उभी बसवावी लागते. आणि ती सुटून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून मी तरी हातानंच करायला सांगेन.

टिकटिक

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्यावा. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबक झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि चक्र भरभर डोलतं. मागे पडत नाही, पुढे पळतं, ही खूण. तपासायला होकायंत्र घड्याळाला टेकवून धरा. काटा चक्राच्या तालावर थरथरत असेल तर निदान झालं.

चुंबकरोधक घड्याळांसाठी आयएसओ ७६४ हे मानक आहे. ४,८०० अँपिअर प्रति मीटरच्या क्षेत्रातून काढल्यावर चाल दिवसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त बिघडता कामा नये. ऐकायला भक्कम वाटतं. पण वर पाचरभाऊंनी चकतीच्या पृष्ठभागाचा आकडा दिलाय तो परत वाचा. टॅबलेटच्या कव्हरवर मनगट टेकवून झोपणारे माझ्याकडे नेहमी येतात. हल्ली काही घड्याळांत सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही.

बॅटरीवालं काट्याचं घड्याळ चुंबकाजवळ थांबू शकतं, कारण आतली मोटर अडते. बाजूला घेतलं की पुन्हा चालू. कायमचं नुकसान नाही.

भिंगरी

चिमटा तापवला तर? लाल केलं की चुंबकत्व जातं असं शाळेत वाचलेलं आठवतंय.

अणुरेणू

जातं, आणि पूर्ण जातं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अणूंचं ते एका दिशेला तोंड करणंच मोडतं, डोमेन उरतच नाहीत. निकेलसाठी ही मर्यादा साधारण ३५८, कोबाल्टसाठी १,१०० च्या वर. गॅडोलिनियम नावाचा धातू तर २० अंशांच्या आसपासच हात टेकतो, म्हणजे मुठीत धरून गरम केला तरी त्याचं चुंबकाला चिकटणं संपतं. पिएर क्युरीनं १८९५ मध्ये या गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्या तापमानाला त्याचं नाव.

पाचर

पण ताई, चिमटा तापवू नका! ७७० लांब राहिलं. कार्बन स्टील २३० अंशांना पिवळसर होतं, ३०० ला निळं, आणि तोवर त्याचं पाणी उतरायला लागलेलं असतं. लाल केलात तर चुंबकत्वाबरोबर चिमट्याचा चिमटेपणाही जाईल. टोकं वाकतील आणि वाकलेलीच राहतील.

लोहार याचा उलटा उपयोग करतात. सुरी भट्टीत तापवताना मधूनमधून तिला चुंबक लावून बघतात. चिकटणं बंद झालं की समजायचं पोलाद तापत आलं, आणखी थोडं तापवून बुडवायचं. थर्मामीटर लागत नाही.

अणुरेणू

आणि थंड होताना सगळं परत येतं, हे ध्यानात घ्या. पृथ्वीच्या क्षेत्रात थंड झालं तर थोडं त्या दिशेला बसतंही. भट्टीत भाजलेल्या विटांमध्ये, थंड झालेल्या लाव्हामध्ये लोहखनिजाचे कण असेच तेव्हाची दिशा धरून बसतात. पुरातत्त्ववाले जुन्या भट्ट्यांचा काळ त्यावरून काढतात.

निवांत

एक शंका. चिमटा स्टेनलेस स्टीलचा असणार. स्टेनलेसला तर चुंबक चिकटत नाही ना?

पाचर

‘स्टेनलेस’ हे आडनाव आहे, कुटुंब मोठं. ३०४ म्हणतात त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, त्याला चुंबक लागत नाही. पण तेच ३०४ थंड असताना वाकवलं, दाबलं की वाकल्या जागी रचना बदलते आणि तिथे चुंबक हलकासा धरतो. स्टेनलेसच्या भांड्याच्या काठावर आणि तळाशी वेगवेगळा लावून बघा. ४३० ला चुंबक कडकडून चिकटतो, पण ते स्वतः चुंबक होऊन फारसं राहत नाही. ४२० हे पाणी देता येणारं, सुऱ्या-कात्र्या-चिमट्यांचं. ते चिकटतंही आणि लक्षातही ठेवतं. तुमचा चिमटा बहुधा यातला. सततचाच त्रास असेल तर चुंबक न होणारे चिमटे मिळतात, ३०४-३१६ सारख्या जातीचे किंवा टायटॅनियमचे. टोकं जरा मऊ असतात, तेवढी तडजोड.

खट्याळ

आणि एटीएम कार्ड? पाकिटाला चुंबकी बटण आहे.

अणुरेणू

चिपला काही होत नाही. मागच्या काळ्या पट्टीचं सांगायचं तर दोन प्रकार: एक सुमारे ३०० ओरस्टेडला (हेही चुंबकीय क्षेत्राचंच एक एकक) पुसली जाते, दुसरी सुमारे २,७५० ला. बँका सहसा दुसरी वापरतात, हॉटेलच्या खोलीच्या कार्डावर बऱ्याचदा पहिली. म्हणून खोलीचं कार्ड मरतं आणि बँकेचं जगतं.

भिंगरी

बिटवाल्या स्क्रूड्रायव्हरचं कुणी सांगितलंच नाही. तो का ढेपाळला? आपटला म्हणून? पडलाय पुष्कळदा.

पाचर

त्याच्या खोबणीच्या तळाशी वेगळा छोटा चुंबक असतो, ओढ त्याची. बिट नुसतं मध्यस्थ. तो चुंबक निओडायमियमचा असेल तर आपटून त्याचं चुंबकत्व जात नाही. पडल्यानं अशक्त होणारे चुंबक म्हणजे जुने पोलादी, नालाच्या आकाराचे. म्हणून त्यांच्या तोंडाशी लोखंडाची पट्टी लावून ठेवायचे. निओडायमियम पडला तर फुटतो, ढेपाळत नाही. त्याला उष्णता मारते: साध्या प्रतीचा ८० अंशांच्या वर कायमचा उतरायला लागतो. गाडीत उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर राहत असेल तर तेही बघा.

पण आधी टॉर्च मारून खोबणीत बघा. बहुतेक वेळा तळाशी कीस गच्च बसलेला असतो आणि बिट चुंबकाला टेकतच नाही. दोघांमध्ये मिलिमीटरभर फट पडली तरी ओढ निम्म्याहून खाली येते. चिकणमातीचा किंवा चिकटपट्टीचा गोळा आत दाबून ओढला की कीस निघतो. फुंकून निघत नाही.

भिंगरी

खोबणीत खरंच काळा कीस होता! पट्टीच्या गोळ्यानं काढला, आता पुन्हा धरतोय, पूर्वीइतका नाही पण कामापुरता.

चिमट्यावर स्पीकरच्या चुंबकानं ते उलटसुलट केलं. एक पातं मोकळं झालं, दुसऱ्याच्या टोकाला अजून बारीक स्क्रू लटकतो. एकच पातं का राहावं?

पाचर

उघड्या चिमट्यावर केलंत ना? मग चुंबकाजवळच्या पात्याला जास्त, पलीकडच्याला कमी मिळालं. चिमटा मिटून, टोकं जुळवून दोऱ्यानं बांधा, म्हणजे दोन्ही पाती एकच कांब झाली. टोकापासून सुरुवात, आणि चुंबक फिरवत फिरवत चिमट्याच्या लांबीच्या रेषेतच मागे न्या, बाजूला नको. हातभर अंतर होईपर्यंत फिरवणं थांबवायचं नाही.

मग तपासायला स्क्रू नको, तो जड. कानशीनं खिळा घासून चिमूटभर कीस कागदावर घ्या आणि टोक त्यात बुडवा. स्क्रू सुटला तरी कीस चिकटत असेल तर थोडं शिल्लक आहे, आणखी एकदा करा. कीस घेताना चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवा.

भिंगरी

बांधून केलं. कीस धरत नाही आता. स्क्रू बसवतेय.